चर्चचा सेवा ट्रस्ट: तो चालवतं कोण, कशासाठी, आणि इंदूरकरांचे इतर प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांतून आम्हाला, म्हणजे चर्चच्या सेवा ट्रस्टला, दोन प्रकारचे फोन येतात. एक, "आई एकटीच असते, तुमच्याकडचं कुणी अधूनमधून जाऊन येईल का?" दुसरा, "तुम्ही चर्चवाले ना? मग यात तुमचा काय फायदा?" बहुतेक वेळा दुसरा फोन आधी येतो, आणि तो आधी यावा हे बरंच आहे. म्हणून इथे सोपे प्रश्न वर आणि अडचणीचे खाली अशी मांडणी केलेली नाही. लोक ज्या क्रमाने विचारतात, साधारण त्याच क्रमाने उत्तरं दिली आहेत.

तुम्ही धर्मांतर करता का?

नाही. मदत मागणाऱ्याला आम्ही धर्म विचारत नाही, आमच्या नोंदवहीत तो रकानाच नाही. घरी जाताना पत्रकं, पुस्तकं नेत नाही. कुणी स्वतःहून म्हटल्याशिवाय कुणासाठी मोठ्याने प्रार्थना करत नाही. म्हटलं तर करतो; दुखण्याखुपण्यात माणूस कुणाचाही आशीर्वाद घेतो. उलट बाजूही सांगायला हवी. दृष्टी अधू झालेल्या एखाद्या आजींनी रामरक्षा वाचून दाखव म्हटलं, तर आमच्या ताई ती वाचून दाखवतात. यावर चर्चच्या मंडळीतल्या, म्हणजे सभासदांतल्या, काहींची कुरकुर असते. आमचं म्हणणं इतकंच, की आजींकडे आपण त्यांच्यासाठी जातो, आपल्यासाठी नाही.

कायद्याचं विचाराल तर तो इथे कडक आहे. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा होता, त्याच्या जागी २०२१ मध्ये नवा आला. भेटवस्तू, पैसा, नोकरी यांचं प्रलोभन दाखवून धर्म बदलायला लावणं हा त्यात गुन्हा आहे. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि तो विधी करणाऱ्यानेही जिल्हा दंडाधिकाऱ्यांना साठ दिवस आधी कळवावं, अशीही तरतूद आहे. तिच्यावर न्यायालयात वाद झालेले आहेत, त्यात इथे शिरत नाही. कायदा नसता तरी मदतीला अट लावणं आम्हाला पटलं नसतं. अडलेल्या माणसाने दिलेल्या होकाराला किंमत ती काय?

मग ख्रिस्ती म्हणवून तरी कशाला घेता? सरळ समाजसेवा म्हणा की.

कारण माणसं, बसायची जागा आणि बराचसा पैसा मंडळीतून येतो. ते लपवून तुमच्या दारात येणं ही फसवणूक झाली असती.

शिवाय या शहरात या कामाला मागचा इतिहास आहे. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ मध्ये इंदुरात आलं. पुढच्या दशकात एलिझाबेथ बिटी आणि मॅरियन ऑलिव्हर या डॉक्टर बायका तिकडून आल्या. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायच्या नाहीत, अशा काळात बाईने बाईला तपासणं याला फार मोल होतं. १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू झालं, आणि आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या कितीतरी मराठी आजोबांनी तिथे शिक्षण घेतलं आहे. मराठी ख्रिस्ती माणसाला त्याहून जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार बायका-मुलींना केडगावला घेऊन गेल्या.

यात एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. त्या काळचे मिशनरी सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, सांगायलाच आले होते आणि तसं उघड म्हणतही होते. दवाखाना आणि शाळा हे त्यांच्या लेखी त्याच कामाचे भाग होते. आम्ही त्यांच्या सेवेचा वारसा सांगतो, पण ही दोन कामं आमच्या नियमावलीत वेगळी केलेली आहेत. उपासना चर्चमध्ये होते, तिथे कुणीही येऊ शकतं. सेवा तुमच्या घरी होते, तिथे उपासना येत नाही.

बरं, पण तुम्ही नेमकं करता काय?

मुख्य काम साधं आहे: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे नेमाने जाणं. तोच कार्यकर्ता, तोच वार, जवळपास तीच वेळ. गोळ्यांच्या डबीत कालच्या गोळ्या तशाच पडल्यात का, गॅसची नळी जुनी झाली आहे का, न्हाणीघरात धरायला काही आहे का, हे चहा पिता पिता बघितलं जातं. नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला लागतो. बोटांचे ठसे पुसट झालेल्यांना तो मोबाइलवर चेहरा दाखवून काढून देतो. लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग अशा जुन्या मराठी वस्त्यांत मुलं पुण्या-बंगळुरात आणि वर दोन खोल्या बंद, अशी घरं पुष्कळ आहेत. तिथे आम्ही सगळ्यांत जास्त जातो.

दुसरं काम इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधलं, म्हणजे एमवायमधलं. झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोन, बडवानीहून माणसं तिथे येतात. पर्ची कुठे काढायची, रक्त कुठे द्यायचं, सोनोग्राफी कुठल्या मजल्यावर, यातच त्यांचा दिवस जातो. आमचे लोक त्यांच्याबरोबर चालतात. बस, इतकंच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्याला वाचता येत नाही आणि ज्याचं पोर तापाने फणफणलं आहे, त्याला विचारा.

तिसरं काम सर्वांत कमी दिसतं. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की सांभाळणारी सून किंवा लेक वर्षानुवर्षं घराबाहेर पडत नाही. आम्ही दोन तास येऊन बसतो, तेवढ्यात तिने जावं. बाजारात, बहिणीकडे, कुठेही. पहिल्या वेळी बहुतेक जणी जात नाहीत. आमच्यासाठी पोहे करत बसतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी जातात.

चर्च आणि ट्रस्ट एकच का?

नाही. चर्च ही उपासना करणारी मंडळी आहे. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या परंपरेतली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळे पंथप्रवाह एकत्र येऊन हे चर्च झालं, आणि प्रेस्बिटेरियन मिशनमधून उभ्या राहिलेल्या मंडळ्या त्यात आल्या. मंडळीचा कारभार निवडून आलेली पास्टरेट कमिटी पाहते, वर डायोसीज (धर्मप्रांत) आणि त्याचे प्रमुख बिशप.

सेवा ट्रस्टचं मात्र खातं वेगळं, पॅन वेगळा, विश्वस्त वेगळे. यामागे तत्त्व आहे आणि रोकडा व्यवहारही आहे. देणगीदाराला आयकरात ८०जीची सवलत द्यायची तर संस्था एखाद्याच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांच्या भल्यासाठी काढलेली असून चालत नाही, आणि धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. म्हणजे चर्चच्या छपराची गळती आम्ही ट्रस्टच्या पैशातून काढायला लागलो, तर सवलत हातची जाईल. दर पावसाळ्यात कुणीतरी हे सुचवतंच.

ट्रस्टचे प्रमुख पाळकसाहेबच असतील ना?

हा समज फार पक्का आहे, आणि तो चुकीचा आहे.

पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, विश्वस्त मंडळाच्या बैठकीला येतात, बोलतात, मत मात्र देत नाहीत. चेकवर त्यांची सही नसते. ही आधुनिक व्यवस्थापनातून उचललेली युक्ती नव्हे, तिचं मूळ थेट पवित्र शास्त्रात आहे. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्यावहिल्या मंडळीत रोजच्या जेवणावरून तंटा झाल्याची हकिगत आहे. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी, की वाटपात आमच्या विधवा मागे राहतात. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, तो प्रश्न स्वतःकडे ओढून घेतला नाही. वचनाची सेवा आम्ही करतो, पंक्तीची व्यवस्था तुम्ही तुमच्यातली चांगल्या नावाची सात माणसं निवडून त्यांच्याकडे द्या, असं त्यांनी सांगितलं. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक वळणाची आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातलीच माणसं वाढायला उभी केली गेली.

आमच्या मते या अध्यायात दोन गोष्टी आहेत आणि आम्ही दोन्ही घेतल्या. उपदेश आणि हिशेब एका हाती नसावेत. आणि ज्यांना वाढायचं त्यांच्यातलं कुणीतरी वाढणाऱ्यांत असावं.

पहिलीचा त्रास पाळकांनाच सर्वांत कमी होतो, असा अनुभव आहे. नाहीतर रविवारी ज्यांच्यापुढे पापाची कबुली द्यायची, त्यांच्याकडेच सोमवारी औषधाच्या पैशासाठी अर्ज करायचा, यात दोघांचीही पंचाईत. पाळक दर चार-पाच वर्षांनी बदलून जातात हेही आहेच. एका माणसाच्या हुशारीवर उभं राहिलेलं काम त्याच्या बदलीबरोबर जातं.

मग निर्णय कोण घेतं? विश्वस्त कोण होऊ शकतं?

अध्यक्ष आणि बाकीचे विश्वस्त मिळून. निम्मे मंडळीतून निवडलेले, बाकीचे बाहेरचे. बाहेरच्यांत परिचारिकेचं काम केलेलं कुणीतरी आणि हिशेब कळणारं कुणीतरी असावंच, असा नियम आहे. ते ख्रिस्ती असायला हवेत असा नाही. शिवाय ज्यांच्या घरी आमची सेवा सुरू आहे किंवा होती, अशा कुटुंबातलं एक माणूस मंडळावर असतं. वर सांगितलेली दुसरी गोष्ट ती हीच. बैठकीत सगळ्यांत जास्त प्रश्न तेच विचारतात.

एका घरातले दोघे एकाच वेळी विश्वस्त होत नाहीत. विश्वस्ताला मानधन नाही, आणि त्याच्या दुकानातून ट्रस्ट काही विकत घेत नाही, स्वस्त मिळत असलं तरी. सलग दोन मुदतींनंतर बाजूला व्हावं लागतं. इंदुरात मराठी संस्थांची कमी नाही, आणि तीस-तीस वर्षं एकच अध्यक्ष ही आपली जुनी हौस सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही, पण त्यांच्यानंतर खुर्चीत बसायला कुणी तयारच झालेलं नसतं.

रोजचं काम समन्वयक ताई बघतात. त्या पगारी आहेत. हे काहींना खटकतं: सेवा आणि पगार? हो. वेळापत्रक, नोंदी, रात्री अकराला आलेला फोन हे काम फुकटात मागणं बरं नाही.

हे फक्त मराठी लोकांसाठी आहे का?

नाही. एमवायमध्ये भिली, निमाडी, मालवी सगळं ऐकू येतं.

मराठी घरांकडे थोडं जास्त लक्ष जातं त्याला कारण आहे. स्मृतिभ्रंश वाढत गेला की माणूस नंतर शिकलेली भाषा आधी विसरू लागतो आणि लहानपणच्या भाषेकडे परततो, असं अनेकदा दिसतं. साठ वर्षं इंदुरात हिंदी बोललेल्या आजी एकदम फक्त मराठी बोलू लागतात, आणि ती कोकणातली किंवा वऱ्हाडातली, जिथून त्या लग्न होऊन आल्या तिथली. दिवसभर सांभाळणाऱ्या बाईला त्यातलं काही कळत नाही. नगर, नाशिक, नागपूरकडून आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं आमच्या मंडळीत आहेत; नारायण वामन टिळकांची भजनं म्हणत वाढलेली माणसं. ती अशा घरी उपयोगी पडतात.

जात विचारता का?

नाही.

काय करत नाही, तेही सांगा.

औषध सुचवत नाही, इंजेक्शन देत नाही. रोख रक्कम उसनी देत नाही. तुमचं एटीएम कार्ड, पिन, लॉकरची किल्ली हाती घेत नाही. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करत नाही, आणि आम्हाला काही ठेवायचा विचार असेल तर आधी मुलांशी आणि वकिलाशी बोला असं सांगतो.

मुलांना ठेवून घेत नाही. बालगृह चालवायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही आणि मागायचा विचारही नाही. एखादं मूल निराधार दिसलं तर १०९८ वर कळवतो.

मुलं बघत नाहीत, घरही त्यांच्या नावावर करून दिलं. काही करता येतं का?

येतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे), अर्ज करता येतो. त्या कायद्यात निर्वाहाची कमाल रक्कम महिना दहा हजार रुपये आहे आणि निकाल नव्वद दिवसांत लागावा अशी अपेक्षा आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर बक्षीस दिलं आणि अट पाळली गेली नाही, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या बाजूने असा निकाल दिला.

आम्ही अर्ज भरायला मदत करतो, बरोबर येतो. पण कोर्टाची पायरी चढायच्या आधी मुलाला एकदा समोरासमोर बसवायचा प्रयत्न आमचा असतो, कारण निकालानंतरही दोघांना त्याच घरात राहायचं असतं. मारहाण होत असेल तर समोर बसवणं वगैरे काही नाही; सरळ ११२. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

आणि सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मानचं कार्ड काढलंत का? ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता ते मिळतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. "आपण कुठे गरीब?" म्हणून कितीतरी मराठी घरांनी ते काढलेलं नाही.

परदेशातून पैसा येतो का?

आम्ही घेत नाही. परदेशी देणगीसाठी २०१० च्या एफसीआरए कायद्याची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, त्यातला वीस टक्क्यांहून जास्त भाग प्रशासनावर खर्च करता येत नाही आणि तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. आमच्या आकाराच्या ट्रस्टला ती सगळी उठाठेव परवडत नाही.

यातून एक घरगुती गुंता होतो. मुलगा न्यू जर्सीत आहे, तो देणगी देऊ शकतो का? त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असो वा नसो. अशा वेळी आम्ही नको म्हणतो. त्याऐवजी त्याने आईला जास्त फोन करावेत, असं आमच्या ताई तोंडावर सांगतात.

देणगीवर करसवलत मिळते?

जुन्या करपद्धतीत असाल तर ८०जीखाली मिळते. रोख दोन हजार रुपयांपर्यंतच. त्यावर असेल तर चेक किंवा यूपीआय. पॅन लागतो. नवी करपद्धत निवडली असेल तर सवलत नाही, आणि हे आम्ही आधीच सांगतो.

हिशेब बघायला मिळतात का? पुण्याचा भाऊ म्हणतो, धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक विचार.

भावाला सांगा, ते महाराष्ट्रात. इथे १९५१ चा मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास कायदा लागतो आणि त्याखाली जिल्ह्याचे कलेक्टर हेच न्यासांचे निबंधक असतात. स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण ठेवायची तर त्यांची मंजुरी घ्यावी लागते.

तपासलेले हिशेब ऑफिसात ठेवलेले आहेत. या, बसा, वाचा. देणगीदार असायलाच हवं असं नाही.

घरी येणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

लगेच ठेवू नका. पहिल्या काही भेटींना दोघं येतात, ओळखपत्र दाखवतात, आणि समन्वयक ताईंचा फोन आधी आलेला असतो. नव्या कार्यकर्त्याची पोलीस पडताळणी झाल्याखेरीज त्याला एकट्याने पाठवत नाही. घरातल्या भेटवस्तू, साड्या, पाकिटं घ्यायला त्यांना मनाई आहे. घरी केलेला लाडू चालतो, कारण तो नाकारला की आजी रुसतात.

तक्रार असेल तर ती समन्वयकांकडे किंवा पाळकांकडे न नेता बाहेरच्या विश्वस्तांपैकी ज्यांच्याकडे हे काम दिलं आहे, त्यांच्याकडे द्या. त्यांचा नंबर पहिल्या भेटीत लेखी दिला जातो. बालकाच्या लैंगिक छळाचा नुसता संशय आला तरी पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे मंडळीची अब्रू, आपसात मिटवणं, बिशपांना आधी विचारणं यातलं काहीही आड येऊ दिलं जात नाही. देशोदेशीच्या चर्चांनी नेमकं इथेच पाऊल मागे घेतलं आणि त्याची किंमत लहान मुलांनी मोजली.

मला महिन्यातून एखादाच रविवार मोकळा असतो. उपयोग आहे का?

घरभेटीसाठी नाही. महिन्यातून एकदा येणारं माणूस आजींच्या लक्षात राहत नाही, आणि राहिलं तर त्या उरलेला महिना वाट बघतात. पण एमवायला सोबत करायला, स्कूटरवरून डबा पोचवायला, मोबाइलवर हयातीचे दाखले काढायला एक रविवारही चालतो. दुपारी उपासना संपल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत पुढच्या आठवड्याची वाटणी होते. चर्चमधून यायची गरज नाही, बाजूच्या फाटकातून या.